पूर्ण जबड्याचे दात : पैसे नक्की कशाचे?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी)

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आजचा विषय बऱ्याच घरांत आहे आणि बऱ्याच घरांत तो कुणी काढत नाही. तोंडातले सगळे दात पडलेत, किंवा उरलेले हलायला लागलेत. आता पुढं काय?

दात नसलेली बाई जेवते कशी, ते आपण रोज बघतो. भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करते. शेंगदाणे, हरभरे, गाजर, पेरू हळूहळू ताटातून जातात. चारचौघांत बोलताना पदर तोंडावर येतो. घरातले म्हणतात, “आता या वयात कशाला दात?” आणि ती गप्प बसते.

दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या गावी फलक लागलेले दिसतात. ‘एका दिवसात पक्के दात’, ‘कवळी विसरा’, ‘सोप्या हप्त्यांत’. चौकशी केली की दोन लाख, तीन लाख, पाच लाख असे आकडे कानावर येतात. मग कुणी दागिना गहाण ठेवायचा विचार करते, कुणी गटात कर्जाचा अर्ज देते. गटातल्या बायकांनाही कळत नाही, की हा आकडा बरोबर आहे की जास्त, आणि एवढ्याची गरज आहे का. म्हणून आज हा खर्च उलगडून बघू.

इम्प्लांट म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं मूळ. टायटॅनियम धातूचा एक छोटा, आटे असलेला स्क्रू असतो. हिरडी उघडून तो जबड्याच्या हाडात बसवतात. स्वीडनमधले डॉक्टर ब्रोनमार्क यांना 1950 च्या दशकात सशांवर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम हाडाला घट्ट धरून बसतं, काढू म्हटलं तरी निघत नाही. 1965 साली त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आज जगभर जे चालतं त्याचा पाया तोच.

हाड आणि स्क्रू एकमेकांना धरायला वेळ लागतो, साधारण तीन ते सहा महिने. रोप लावलं आणि दुसऱ्या दिवशी ओढून बघितलं तर ते उपटून येणारच. इथंही तसंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, ‘एका दिवसात’ या शब्दांकडे पुन्हा यायचं आहे.

एका जबड्यात पुरे असतील तर 16 दात असतात. सगळे गेले म्हणून 16 इम्प्लांट घालत नाहीत. चार किंवा सहा इम्प्लांट घालतात आणि त्यांवर बारा ते चौदा दातांची एक सलग पट्टी स्क्रूने आवळून बसवतात. म्हणजे चार खांब आणि वर एक तुळई. चार इम्प्लांटची पद्धत 1990 च्या दशकात पोर्तुगालमधले डॉक्टर पाउलो मालो यांनी रूढ केली. त्यात मागचे दोन इम्प्लांट तिरके घालतात. त्यामुळं मागच्या बाजूला हाड कमी असलं तरी पुष्कळदा काम भागतं. ही दातांची पट्टी आपल्याला काढता येत नाही, ती डॉक्टरच काढतात. म्हणून तिला ‘पक्के दात’ म्हणतात.

आकडा कशाकशाचा मिळून होतो?

खाजगी दवाखान्यात एका जबड्याला साधारण 2 ते 5 लाख रुपये सांगतात. कुठं त्याहून कमी, मोठ्या शहरात त्याहून जास्त. इथं पहिला प्रश्न विचारा : हा भाव एका जबड्याचा, की वरच्या आणि खालच्या दोन्हींचा? पुष्कळ घोळ इथंच होतो.

आता त्या रकमेत काय काय असतं ते बघू.

पहिलं, तपासणी. हाड किती उंच, किती रुंद, नस कुठून जाते हे बघायला सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो. साध्या एक्स-रेवर पूर्ण अंदाज येत नाही.

दुसरं, उरलेले दात काढणं आणि हिरड्यांची सफाई.

तिसरं, इम्प्लांट. स्वित्झर्लंड, स्वीडनच्या जुन्या कंपन्यांचे महाग, कोरिया आणि इस्रायलचे बहुतेक मधल्या भावाचे, आणि भारतात बनलेले बहुधा स्वस्त. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. पण दहा वर्षांनी एखादा स्क्रू ढिला झाला तर त्याच मापाचा भाग बाजारात मिळायला हवा. म्हणून कंपनीचं नाव माहीत असणं गरजेचं.

चौथं, जोडभाग. इम्प्लांट हाडात आणि दात वर. दोघांना जोडणारा तुकडा वेगळा असतो आणि त्याचे पैसेही वेगळे असू शकतात.

पाचवं, तात्पुरते दात. हे अक्रिलिकचे म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे असतात.

सहावं, कायमचे दात. धातूच्या सांगाड्यावर अक्रिलिकचे दात असले तर भाव कमी. झिर्कोनियाचे असले तर भाव बराच वर जातो.

सातवं, हाड भरणं. दात पडून खूप वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं. हाड कमी असेल तर हाडाची भुकटी भरावी लागते, वरच्या जबड्यात कधी सायनसची पोकळी वर उचलून जागा करावी लागते. हे सगळ्यांना लागत नाही. पण लागलं तर खर्चही वाढतो आणि महिनेही.

फलकावरचा भाव आणि हातात येणारं बिल

समजून घेण्यासाठी एक हिशेब धरू. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. समजा, फलकावर एका जबड्याचे 1,60,000 रुपये लिहिलेत. आत गेल्यावर कळतं की त्यात चार इम्प्लांट आणि तात्पुरते दात एवढंच आहे. मग नऊ दात काढायचे, प्रत्येकी 700, म्हणजे 6,300. स्कॅन 3,000. दोन ठिकाणी हाड भरायचं 20,000. जोडभाग चार, प्रत्येकी 7,000, म्हणजे 28,000. आणि सहा महिन्यांनी कायमचे दात 90,000. बेरीज करा : 3,07,300 रुपये. फलकावरचा आकडा खोटा नव्हता. तो अर्ध्याच कामाचा होता.

आता ‘एका दिवसात’ या शब्दांकडे येऊ. हाड चांगलं असेल आणि इम्प्लांट घट्ट बसले तर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत दात बसवून देता येतात, हे खरं आहे. पण ते तात्पुरते दात. हाड इम्प्लांटला धरेपर्यंत दोन-तीन महिने मऊ जेवण करावं लागतं. डाळ-भात, खिचडी, उपमा. त्या काळात ऊस, शेंगदाणे, कडक भाकरी नाही. कायमचे दात त्यानंतर. ज्यांचं हाड तेवढं मजबूत नसतं, त्यांना सुरुवातीला तात्पुरते पक्के दातही मिळत नाहीत, थांबावंच लागतं.

फेऱ्यांचा खर्चही धरा. आठ-दहा वेळा तरी जावं लागतं, बरोबर कुणीतरी लागतं. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली रोजंदारी अर्धी होत नाही.

आणि दात बसल्यावर खर्च संपत नाही. दर सहा महिन्यांनी, निदान वर्षाला एकदा दाखवावं लागतं. काही वर्षांनी अक्रिलिकचा दात तुटतो, झिजतो, स्क्रू ढिला होतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो, आणि हाड झिजून इम्प्लांट हलायला लागतो. पट्टीखाली अन्न अडकतं, तिथं बारीक ब्रश रोज फिरवायला लागतो. नीट निवड आणि नीट निगा असेल तर शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. पण ‘जन्मभराची हमी’ असं कुणी सांगितलं, तर हमी कशाची, किती वर्षांची, आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे, हे कागदावर मागा.

दोन टोकांच्या मधली वाट

पुष्कळ बायकांना वाटतं, की एकतर तीन लाखांचे पक्के दात, नाहीतर बोळकं. तसं नाही. मध्ये दोन वाटा आहेत.

एक वाट आपली जुनी ओळखीची, कवळी. खाजगी दवाखान्यात वरची-खालची मिळून साधारण 10 ते 40 हजारांत होते, जिल्ह्याच्या गावी याहून कमीतही. चार-पाच फेऱ्या लागतात. वरची कवळी टाळूला चिकटून बरी बसते. त्रास देते ती खालची. खालच्या कवळीला धरायला टाळू नाही, मध्ये जीभ सारखी हलते, आणि खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा जास्त झिजतं. म्हणून “मला कवळी जमत नाही” म्हणणाऱ्या बाईचं दुखणं बहुतेक वेळा खालच्या कवळीचं असतं. नवी कवळी टोचते, तेव्हा ती डब्यात टाकून देऊ नका. दोन-तीनदा घासून घ्यावी लागते, ते कामातच धरलेलं असतं. काही वर्षांनी हाड झिजून ढिली झाली तर आतून भरून घेता येते. रात्री काढून पाण्यात ठेवायची.

दुसरी वाट फारशी कुणी सांगत नाही. खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट घालायचे, पुढच्या बाजूला, जिथं हाड बहुधा शिल्लक असतं. त्यावर कवळी टिचबटणासारखी बसवायची. ब्लाउजचं टिचबटण कसं टच करून बसतं, तसंच. जेवताना हलत नाही, आणि धुवायला आपली आपल्याला काढता येते. वरची साधी कवळीच ठेवायची. 2002 साली कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणून हीच पद्धत सुचवावी. याचा खर्च खाजगीत साधारण 60 हजार ते दीड लाख होतो, म्हणजे पूर्ण जबड्याच्या पक्क्या दातांपेक्षा बराच कमी. बटणातली रबरासारखी छोटी कडी झिजते, ती वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च किरकोळ.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : “दोन इम्प्लांटवरची कवळी मला चालेल का? नाही तर का नाही?” कारण समजावून सांगणारा डॉक्टर असेल तर तुम्ही बरोबर ठिकाणी आहात.

अजून एक सांगते. काही दात हलतात, काही किडलेत, पण चार-सहा घट्ट आहेत, अशा वेळी ‘सगळेच काढून टाकू’ असा सल्ला मिळाला तर लगेच हो म्हणू नका. कधीकधी तो सल्ला योग्यही असतो. पण काढलेला दात परत लागत नाही. आधी दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवा.

कमी पैशात कुठं?

शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईतलं सीएसएमटी स्टेशनच्या जवळ आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. गोव्याच्या बाजूच्या मैत्रिणींना बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आहे. इथं कवळी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पैशात होते. इम्प्लांटचं काम होत असेल तिथं साहित्याचे पैसे भरावे लागतात, तरी एकूण बिल कमी राहतं. बऱ्याच जिल्ह्यांत खाजगी दंत महाविद्यालयंही आहेत, त्यांच्या ओपीडीचे दर दवाखान्यापेक्षा कमी असतात. तिथं शिकणारे डॉक्टर काम करतात, वर शिकवणारे लक्ष ठेवतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात. हे माहीत असू द्या, म्हणजे वैताग येणार नाही.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. साठी ओलांडलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तू शिबिरांतून मोफत देतात. त्या यादीत कवळीसुद्धा आहे. शिबिर कधी, कुठं, याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. गटाच्या वतीनं एकीनं जाऊन सगळ्यांसाठी विचारलं तरी चालेल.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डाबद्दल सारखं विचारलं जातं. जबडा मोडला, तोंडाचा कर्करोग झाला, अशा शस्त्रक्रिया त्यात येतात. पडलेल्या दातांच्या जागी इम्प्लांट बसवायला हे कार्ड चालेल असं धरून चालू नका. कार्डावर करून देतो असं कुणी म्हणालं, तर आधी योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्या.

कर्जाचं गणित

आता आपल्या गटाचा प्रश्न. समजा, 3 लाख रुपये कर्ज काढलं, तीन वर्षांत फेडायचं, दर महिन्याला हप्ता. व्याज शेकडा 1 रुपया महिना असेल तर हप्ता जवळजवळ 9,960 रुपये येतो, आणि तीन वर्षांत साधारण 3,58,700 भरावे लागतात. शेकडा 2 रुपये महिना असेल तर हप्ता जवळजवळ 11,770 चा, आणि एकूण 4,23,700 च्या आसपास. म्हणजे सव्वा लाखाच्या घरात नुसतं व्याज. दवाखान्यात ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतात, तेव्हा रोख दिले तर किती आणि हप्त्यानं किती, हे दोन्ही आकडे विचारा. त्यातला फरक म्हणजेच व्याज, नाव काहीही असो. शिवाय ‘प्रक्रिया शुल्क’ किती, तेही विचारा.

एकाच दिवशी सगळे पैसे देऊ नका. काम टप्प्यांत होतं, पैसेही टप्प्यांत द्यावेत. इम्प्लांट घालताना काही, तात्पुरते दात बसल्यावर काही, आणि कायमचे दात तोंडात बसल्यावर शेवटचा हप्ता. दर वेळी पावती घ्या.

कुणी घाई करू नये?

साखरेचा आजार आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, हाड धरत नाही. आधी तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासा, एचबीए1सी म्हणतात ती. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, जबड्याला कधी किरणोपचार दिले असतील, तर हे डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपण होऊन सांगा. आणि कुठलीही गोळी मनानं बंद करू नका.

आणि मिश्री. तिचं नाव काढलं की काहीजणींना राग येतो, तरी सांगते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं दात पक्के होत नाहीत. हिरड्या मागं सरतात, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. तीन लाखांचे दात बसवून हिरडीवर मिश्री चोळणं म्हणजे नव्या घराच्या पायात पाणी सोडणं.

दवाखान्यात जाताना हे विचारा

हे प्रश्न वहीत उतरवून घ्या.

1. भाव एका जबड्याचा की दोन्हींचा?
2. किती इम्प्लांट, कोणत्या कंपनीचे?
3. स्कॅन, दात काढणं, हाड भरणं, जोडभाग, तात्पुरते दात, कायमचे दात, यांतलं काय धरलंय आणि काय वेगळं?
4. कायमचे दात कशाचे आणि किती महिन्यांनी?
5. एखादा इम्प्लांट धरला नाही तर पुन्हा घालायचे पैसे पडतील का?
6. दरवर्षी तपासणीचा खर्च किती?
7. काम करणारे डॉक्टर कोण, त्यांची पदवी काय, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? ते रोज इथं असतात की महिन्यातून एकदा येतात? त्रास झाला तर कुणाकडे यायचं?

उत्तरं दवाखान्याच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यासह घ्या. काम झाल्यावर प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असतो. तो स्टिकर कागदावर चिकटवून रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. पुढं दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

गटांना एक विनंती आहे. दातांसाठी कर्जाचा अर्ज आला तर “या वयात कशाला?” असं कुणी म्हणू नका. नीट चावून जेवणं ही चैन नाही. पण अर्जासोबत दोन ठिकाणचे लेखी अंदाज मागा, आणि त्यातला एक दंत महाविद्यालयातला असू द्या. खालच्या दोन इम्प्लांटवरच्या कवळीचा भावही त्यात हवा. मग सगळ्याजणी मिळून कागद वाचा. कधी तीन लाखांचं काम खरोखर योग्य असेल, कधी लाखात भागेल, कधी चांगली घासून घेतलेली कवळीच पुरेल. कोणतं ते तिच्या तोंडानं आणि तिच्या खिशानं ठरू दे, फलकानं नको.

या विषयावर तुमचे प्रश्न असतील तर लिहून पाठवा, पुढच्या बोलण्यात घेऊ. तोवर नमस्कार.